वळणवाटेतली टाच

नऊ मार्च, रविवार, साडेसेहेचाळीस रुपये. दादाच्या कोटाच्या खिशात सापडलेल्या बसच्या तिकिटावर एवढं छापलं होतं आणि त्याखाली बारीक अक्षरात, ‘प्रौढ दोन, जाऊन-येऊन’. भिंगरावांनी तिकीट खिडकीशी नेलं, उजेडात धरलं, उलटं करून पाहिलं, आणि होतं त्याच घडीवर दुमडून परत खिशात ठेवलं. खरं म्हणजे त्यांनी कोटात हात घातला होता तो दुकानाच्या किल्लीसाठी. किल्ली राहिली बाजूला. दर रविवारी दादा एकटाच बाहेर जातो, जुन्या मित्राकडे जातो, असं तो स्वतः सांगत असे. मग हा दुसरा प्रौढ कोण? आणि मित्राकडे जायचं तर मित्राला बसमध्ये घालून न्यायची काय गरज?

कोट परत खुंटीला लावताना त्यांच्या अंगठ्याला आणखी एक गोष्ट लागली. डाव्या बाजूचं अस्तर वीतभर उसवून पुन्हा हातानं शिवलेलं होतं. टाके दादाचेच, बारीक आणि सरळ. आत काहीतरी जाडसर होतं. भिंगरावांनी दोनदा दाबून पाहिलं. नोटा, असं त्यांच्या मनानं ताबडतोब लिहून घेतलं.

भिंगराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. विमा कंपनीत आलेले दावे तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. कचेरीतल्या कुणा वात्रटानं नोकरीच्या सुरुवातीलाच चिकटवलेलं हे नाव पुढे सासुरवाडीपर्यंत पोचलं. एका गृहस्थानं आगीत पियानो जळाल्याचा दावा केला होता. सगळी कचेरी हळहळली. भिंगराव मात्र ओल्या राखेत बूट घालून तास-दीड तास काठीनं उकरत बसले आणि शेवटी त्या गृहस्थांना म्हणाले, “लाकूड जळालं, कबूल. पण आतली लोखंडी चौकट आणि एवढ्या तारा? त्या काय वाजत वाजत निघून गेल्या?” पियानो मेव्हण्याच्या घरी सापडला.

अशा माणसाला संध्याकाळी कचेरीतून निघताना संशय टेबलाच्या खणात ठेवून येता येत नाही. शेजाऱ्यानं नवीन कुलूप लावलं तरी भिंगराव विचारात पडत. बायको पाहुण्यांना लग्नाचा फोटो दाखवायची आणि म्हणायची, “बघा, सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत. हे एकटे फोटोवाल्याच्या पिशवीकडे बघतायत.” आणि ते खरंच होतं.

पण साऱ्या जगात एका माणसावर त्यांनी कधी संशय घेतला नव्हता, तो म्हणजे दादा. वडील गेले तेव्हा भिंगराव शाळेत होते. दादानं शाळा सोडून शिंप्याच्या हाताखाली काम धरलं, पुढे स्वतःचं मशीन घेतलं आणि धाकट्याला शिकवलं. नोकरीच्या मुलाखतीला भिंगराव जो कोट घालून गेले तो दादानं एका रात्रीत शिवला होता. घर दोघांचं. वर भिंगराव आणि त्यांची बायको. खाली दादा, आणि रस्त्याच्या अंगाला त्याचं दुकान: कापायचं लांब टेबल, दोन मशिनं, भिंतीला टांगलेल्या कागदी मापांचे गठ्ठे. वहिनी गेल्याला तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून दादा जेवायला वर येई, चार शब्द बोले आणि खाली जाई.

गेल्या काही महिन्यांत मात्र त्याचं काहीतरी बिनसलं होतं. ते ‘काहीतरी’ भिंगरावांना दिसत होतं, पण जुळत नव्हतं. दादानं एका चांगल्या गिऱ्हाइकाच्या पँटचे दोन्ही पाय डावे कापले. उभ्या आयुष्यात असं झालं नव्हतं. गिऱ्हाईक दुकानात ओरडत होतं आणि दादा हातातल्या कापडाकडे परक्या माणसासारखा बघत होता. मग कापायच्या टेबलावर खडूनं काढलेली एक आकृती: एकात एक वळसे, मुरडून परत येणाऱ्या रेघा, मध्ये एक टिंब. भिंगराव दारात दिसताच दादानं ती तळहातानं पुसली. मग नवे, जाड तळव्यांचे बूट. आणि एकदा जेवताना, ताटाकडे बघत, “धाकट्या, घराच्या कागदांचं एकदा बघून घ्यायला हवं. लवकर उरकलेलं बरं.”

“उरकायचं म्हणजे काय?” भिंगरावांनी विचारलं होतं.

“तेच, माझ्या हिश्श्याचं. सांगेन.” असं म्हणून दादा उठला होता.

आता त्या तिकिटानं सगळं जुळवलं. त्या रात्री भाजी चिरणाऱ्या बायकोसमोर भिंगरावांनी सारा प्रकार मांडला.

“बाई आहे,” ते म्हणाले.

“कोण बाई?”

“ते अजून ठरायचंय. पण आहे. दोन डावे पाय, नवे बूट, अस्तरात नोटा, घराचे कागद. आणि कोपऱ्यावरचा न्हावी म्हणाला, त्यानं पाहिलंय. दादाचा कोपर धरून चालत होती.”

“मग धरू दे की. वहिनींना जाऊन तीन वर्षं झाली. भाऊजींना कुणी चहा पाजत असेल तर तुमच्या पोटात का दुखतं?”

“चहा पाजून कुणी घराच्या हिश्श्यावर बोलत नाही. त्याला कुणीतरी कह्यात घेतलंय. उद्या बोचकं बांधून निघून गेला म्हणजे?”

बायकोनं सुरी खाली ठेवली. “म्हणजे तुम्हाला घराची काळजी आहे की भाऊजींची?”

भिंगराव चिरलेली भाजी ताटलीत सारखी करू लागले. उत्तर त्यांना ठाऊक होतं, पण ते तोंडानं म्हणणं त्यांच्यानं झालं नसतं. दादा खाली नसलेलं घर त्यांना डोळ्यांपुढे आणता येत नव्हतं.

“मग सरळ विचारा ना त्यांना.”

“संशयिताला आधी विचारायचं नसतं. आधी पाहणी.”

“संशयित!” बायको म्हणाली. “कोट शिवून दिलेला भाऊ आहे तो तुमचा.”

पुढच्या रविवारी दादा निघाला. भिंगराव मागच्या दारानं बाहेर पडले आणि त्याच बसमध्ये मागच्या बाजूला, उंच माणसाच्या पाठीआड उभे राहिले. दोन थांब्यांनंतर ती चढली. साठीची, आडव्या हाडाची, केस आखूड कापलेले, खांद्याला फ्लास्क. चढल्या चढल्या ती ड्रायव्हरला म्हणाली, “अरे, क्लच किती वेळ दाबून धरशील? जळेल ना तो.” आणि दादाशेजारी बसली. दादा हसला. भिंगरावांनी ते हसणंही टिपून घेतलं.

सार्वजनिक वाचनालयामागच्या बागेपाशी दोघं उतरले. भिंगराव वर्तमानपत्र उघडून दूरच्या बाकावर बसले. बागेच्या मधोमध फरसबंदी होती, करड्या विटांची, आणि त्यात लाल विटांनी आखलेले वळसे. दादानं टेबलावर काढलेली आकृतीच कुणीतरी जमिनीवर मोठी करून ठेवली होती. बाजूला पाटी: ‘वळणवाट. सर्वांसाठी खुली. शुल्क नाही.’

शुल्क नाही हे वाचून भिंगरावांनी कान टवकारले. फुकट देणारा कुठेतरी वसूल करतोच, हा त्यांचा अनुभव. त्यांनी दानपेटी शोधली, नव्हती. वर्गणीची पुस्तकं घेऊन फिरणारी माणसं शोधली, ती नव्हती. होते ते सहा-सात लोक, आणि ते लाल विटांच्या दोन रेघांमधून हळूहळू चालत होते. एक बाई बाळाची गाडी ढकलत होती. एक जाडसर गृहस्थ डोळे अर्धे मिटून चालले होते. कुणी बोलत नव्हतं. मध्यापर्यंत जायचं, थोडं थांबायचं, त्याच वाटेनं परत यायचं. पंथ असावा, भिंगरावांनी ठरवलं. आधी गोल फिरवून डोकं गरगरवतात आणि मग सही घेतात.

दादा आत गेला. बाई बाकावर बसून चहा ओतत राहिली, पण तिची नजर दादावरून ढळत नव्हती. तो एका वळणावर बाहेरच्या कडेला आला, पुन्हा आत वळला, पुन्हा बाहेर आला, आणि शेवटी मध्यावर उभा राहिला. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा सैल झाला होता. दोघांनी चहा घेतला, बाईनं त्याचा कोपर धरला आणि ते बसथांब्याकडे गेले.

ते दिसेनासे होताच भिंगराव वर्तमानपत्र काखेत मारून वळणवाटेशी आले. घटनास्थळ पाहायलाच हवं. हात पाठीमागे बांधून ते आत शिरले. थोडं गेल्यावर समोरून बाळगाडीवाली आली. बाहेर येणाऱ्याला आत जाणाऱ्यानं वाट द्यायची, असा तिथला रिवाज असावा, कारण तिनं गाडी थांबवली नाही, नुसती गोड हसली. भिंगराव चरफडत रेघेपलीकडे सरकले, ती गेल्यावर परत पट्ट्यात आले आणि पुढे चालू लागले. वळले, पुन्हा वळले, आणि बघतात तो पाटीसमोर, जिथून शिरले त्याच तोंडाशी उभे. मध्य आलाच नव्हता.

“साफ फसवणूक,” ते मोठ्यानं म्हणाले.

कडेला वाफा खणणारा माळी हसला. “रेघ ओलांडलीत ना साहेब मघाशी? परत येताना शेजारच्या पट्ट्यात शिरलात. मग ती वाट बाहेरच आणते.”

“वाटा दोन आहेत म्हणजे.”

“नाही, एकच आहे.”

“एकच असेल तर माणूस चुकेल कसा?”

“चुकत नाहीच,” माळी म्हणाला. “रेघ ओलांडली नाही तर.”

माळ्याकडे उत्तर तयार होतं याचाच भिंगरावांना संशय आला. ते तडक बस पकडून घरी गेले.

त्यानंतरचे चार-पाच रविवार त्यांनी असेच घालवले. शहरात आणि शहराबाहेर अशा किती वळणवाटा आहेत हे त्यांना पहिल्यांदा कळलं. रुग्णालयाच्या अंगणात एक होती, तिच्या कडेला चाकाच्या खुर्च्या लावून ठेवलेल्या. एका शाळेच्या पटांगणावर रंगानं काढलेली होती, रविवारी कुणालाही खुली. तळ्याकाठी एक नुसत्या गोट्यांची होती. तिथे दादा आणि ती बाई जागचे हललेले दगड पुन्हा नीट लावत बसले होते आणि एकमेकांच्या रेघा वाकड्या आल्या म्हणून चिडवत होते. “शिंपी म्हणवता आणि सरळ रेघ येत नाही!” बाईचा आवाज पाण्यावरून स्पष्ट आला. “तुम्ही बस वळवता तशी लावताय, म्हणून वाकडी दिसते,” दादा म्हणाला.

भिंगराव झुडपाआड ओणवे होऊन पाहत होते. दादा आपल्याशी कधीपासून असं बोलला नाही, याचा त्यांनी हिशेब करायला घेतला आणि अर्धवट सोडला. त्यापेक्षा संशय बरा होता. त्याला निदान काम असतं.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी दोघं टेकडीवरच्या मोठ्या बागेत गेले. तिथली वळणवाट गवतातली होती. वाट यंत्रानं आखूड कापलेली, आणि दोन पट्ट्यांच्या मधला बांध गुडघ्याला लागेल एवढ्या उंच गवताचा. सकाळची वेळ, दव अजून वाळलं नव्हतं. भिंगराव कुंपणाच्या आडोशानं पुढे सरकत इतके जवळ पोचले की बोलणं ऐकू येऊ लागलं.

“सांगून टाका की भावाला,” बाई म्हणत होती.

“धाकट्याला नाही सांगायचं,” दादा म्हणाला. “अजून नाही. एकदा कागद झाले की मग सांगू. आत्ता सांगितलं तर तो होऊ देणार नाही.”

मग तो उठला, बूट झटकले आणि वाटेत शिरला.

भिंगरावांचे कान तापले. एवढं ऐकल्यावर आणखी पाहणी कसली? बाईसमोर तमाशा नको, दादाला एकट्यालाच गाठायचं, असं ठरवून ते कुंपणाला वळसा घालून दुसऱ्या बाजूनं गेले. दादा पलीकडच्या अंगाला पोचला तसे ते सरळ त्याच्या रोखानं निघाले. वळणं धरून जायला त्यांच्याकडे सवड नव्हती. उंच गवताचे बांध तुडवत, विजार गुडघ्यापर्यंत भिजवत, ते दादासमोर जाऊन उभे राहिले.

दादा दचकला. क्षणभर त्याच्या नजरेत ओळखच नव्हती. मग म्हणाला, “धाकट्या? तू इथे कसा?”

“ते मी तुला विचारायला हवं. कोण आहे ती?”

“कोण?”

“फ्लास्कवाली! दादा, मला सगळं माहीत आहे. अस्तरातल्या नोटासुद्धा.”

“कसल्या नोटा?”

“तू घर सोडून जाणार आहेस का, एवढंच सांग.”

दादा काही बोलणार एवढ्यात भिंगरावांच्या मागून एक म्हातारं जोडपं मध्याकडून परत येत आलं, एकमेकांचा हात धरून. वाट अडली होती. “जरा जागा द्याल?” आजोबा म्हणाले. भिंगरावांनी दादाचा दंड धरला आणि त्याला ओढून बांधापलीकडे घेतलं. जोडपं गेलं. भिंगराव पुन्हा बोलू लागले, दादानं दंड सोडवून घेतला.

“आधी मला मध्यावर जाऊन येऊ दे,” तो म्हणाला. “मग काय विचारायचं ते विचार. मध्ये नको तोडूस, धाकट्या. पाया पडतो.”

आणि तो चालू लागला. भिंगराव मागोमाग निघाले. दादा एक वळण गेला, दुसरं गेला, मान खाली, पावलं जपून. आणि मग गवत संपलं, समोर पाटी आली, बाक आलं, फ्लास्क आला. दोघं तोंडाशी उभे होते.

दादानं मागे वळून पाहिलं. पुन्हा पुढे पाहिलं. मध्य दूर तिकडे होता, त्यातला सपाट दगड उन्हात चमकत होता.

“मी जाऊन आलो का?” त्यानं विचारलं. “मध्यावर जाऊन आलो ना मी?”

बाई बाकावरून उठली होती. “नाही हो काका,” ती हळूच म्हणाली.

दादा होता तिथेच ओल्या गवतात बसला. “संपलं बाई,” तो म्हणाला. “इथेसुद्धा चुकलो.”

भिंगरावांनी आयुष्यात खोटं रडणारी खूप माणसं पाहिली होती. हे तसलं नव्हतं. दादा रडतही नव्हता. दोन डावे पाय हातात घेऊन जसा बसला होता, तसा बसला होता.

“झालंय काय?” भिंगरावांनी विचारलं. पण आवाजातला तपासनीस गळून पडला होता.

बाई दादाकडे पाहत थांबली. दादानं मान हलवली, तेव्हा ती बोलली. “मी बस चालवायचे. डिसेंबरात निवृत्त झाले. त्याआधी एकदा हे शेवटच्या थांब्यावर उतरेचनात. मी म्हटलं, काका, डेपो आला, उतरा. तर मलाच विचारतात, मी कुठून बसलो होतो? माझ्या वडिलांचं असंच झालं होतं, म्हणून मी ओळखलं. डॉक्टरांना दाखवलंय, गोळ्या चालू आहेत. त्या दिवशी डेपोमागच्या बागेत बसवलं यांना. तिथे ही अशी वाट आहे. हे उठले, आत गेले आणि न चुकता परत आले. तेव्हापासून येतोय आम्ही. मजा येते, शहर पाहून होतं. मी कोपर धरते, कारण रस्ता ओलांडताना हे मध्येच थांबतात.”

“बाहेर प्रत्येक रस्त्याला चार फाटे,” दादा जमिनीकडे बघत म्हणाला. “आपल्याच गल्लीच्या तोंडाशी मी उभा राहतो, धाकट्या, आणि डावीकडे की उजवीकडे ते येत नाही. इथे तसं नव्हतं. इथे पाय टाकत राहिलं की पोचत होतो. काही आठवावं लागत नव्हतं.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तू माझं सगळं तपासत बसला असतास.”

भिंगराव उंच गवताकडे पाहत राहिले. तेव्हा त्यांना वाचनालयामागचा माळी आठवला, आणि त्याच्यावर त्यांचा आत्ता विश्वास बसला.

“दादा,” ते म्हणाले, “तू चुकला नाहीस. मी चुकवलं. त्या जोडप्याला वाट द्यायला तुला बांधापलीकडे ओढलं ना? तू तिथूनच पुढे निघालास. तो पट्टा बाहेर येणारा. त्याच्यावरून चालणारा कुणीही इथेच आला असता.”

दादा खिन्न हसला. “बरं वाटावं म्हणून बोलतोस.”

“अरे, खरं सांगतोय!”

“तू लहानपणीही असंच करायचास. मी सुईनं बोट टोचून घेतलं की म्हणायचास, मीच धक्का दिला.”

एवढ्या वर्षांत लोकांची खरी विधानं भिंगरावांनी खोटी म्हणून बाजूला सारली होती. आपलं खरं कुणी असं बाजूला सारल्यावर कसं वाटतं, ते आत्ता कळत होतं. वर तो सारणारा दादा.

“ऊठ,” ते म्हणाले. “पुरावा दाखवतो.”

“काय?”

“ऊठ म्हणतो ना.”

दादाचा हात धरून ते वाटेत शिरले. या वेळी बांध न तुडवता, रीतसर वळणं घेत. वाटेत एकदा दादा थबकला, तर भिंगराव नुसते उभे राहिले. तो चालू लागल्यावर चालू लागले. ज्या जागी मघाचा गोंधळ झाला होता तिथे भिंगराव चक्क गुडघ्यांवर बसले. दव पडलेलं गवत त्यांनी राखेसारखं बोटांनी बाजूला केलं.

“इकडे बघ. हा मी. सपाट तळवा, पलीकडून आडवा तुडवत आलोय, गाढवासारखा. आणि हे बघ, बांधाच्या मधोमध. जाड तळव्याची टाच, एकच, तिरकी, रेटून दाबलेली. माणूस आपणहून पाय टाकतो तेव्हा टाच अशी तिरकी पडत नाही. ओढल्यावर पडते. बूट कुणाचा?”

दादा वाकला. त्यानं आपला बूट त्या खुणेशेजारी ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. उसवलेला टाका पाहावा तसा बराच वेळ पाहत राहिला.

“माझाच,” तो म्हणाला.

“आणि हा पट्टा बघ. इथून उजवीकडे गेलं तर काय येतं?”

“पाटी,” थोड्या वेळानं दादा म्हणाला.

“मग चुकलं कोण?”

“तू,” दादा म्हणाला. मग पुन्हा, जरा जोरात, “तूच की रे! मी नीट चाललो होतो.”

“लेखी देऊ?”

“नको. तुझं अक्षर वाचता येत नाही.”

तिथून पुढे दादा पुढे आणि भिंगराव मागे, असे ते मध्यावर पोचले. सपाट दगड, त्यावर पाण्याचा डाग, बाकी काही नाही. भिंगरावांनी सवयीनं दगडाच्या चारी बाजू पाहिल्या.

“सापडला का चोर?” दादानं विचारलं.

“शोध चालू आहे,” भिंगराव म्हणाले आणि दुसरीकडे तोंड करून नाक शिंकरलं.

परत जाताना बसमध्ये दादानं कोट काढून मांडीवर घेतला आणि अस्तराची शिवण दातानं तोडली. आत पांढऱ्या जाड कापडाची पट्टी होती, त्यावर निळ्या दोऱ्यानं भरलेला घराचा पत्ता आणि खाली ‘धाकट्या भावाकडे पोचवावे’. कागदांचंही त्यानं तिथेच सांगितलं. डोकं ठिकाणावर आहे तोवर त्याला आपला हिस्सा धाकट्याच्या नावावर करायचा होता. भिंगरावांनी नाही म्हटलं. दादा म्हणाला, हेच मी बाईंना सांगत होतो, हा होऊ देणार नाही. वाद घरी पोचेपर्यंत चालला. दोन महिन्यांनी दादाच्याच मनासारखं झालं.

बायकोला सगळं कळलं तेव्हा तिनं नुसता लग्नाचा फोटो भिंतीवरून काढून पुसला आणि परत लावला.

संशय काही सुटला नाही. फक्त त्याला नवं काम मिळालं. दादानं चहात दोनदा साखर घातली का, चष्मा सापडत नाही की कुठे ठेवला तेच आठवत नाही, आज गिऱ्हाइकाचं नाव पटकन आलं का, हे सगळं भिंगराव वरच्या जिन्यावरून कान देऊन टिपत असतात. दादाला ते कळतं. “झाली का पाहणी?” तो खालून ओरडतो. “साखर एकदाच घातलीय!” कधी कधी ती दोनदा घातलेली असते. भिंगराव तो चहा पितात.

रविवारी आता तिघं जातात. वाटेत शिरताना दादा पुढे, भिंगराव चार हात मागे. समोरून कुणी आलं की भिंगराव आधी ओरडतात, “दादा, तू हलू नकोस! सरकतील ते.” आणि लोक सरकतात. ड्रायव्हरबाई बाकावरून म्हणते, “याच्यापेक्षा माझ्या बसचा हॉर्न बरा होता.”

त्या टेकडीवरच्या दिवशी परतीच्या बसमध्ये भिंगरावांकडे सुटे नव्हते. त्यांच्या तिकिटाचे साडेअठरा रुपये बाईंनी भरले. ते अजून द्यायचे आहेत.